वलगण कुठपर्यंत चढायची?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मी जिथे चार वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणालोय तिथे एकदाच ठेवलंय, आणि मधे कुकरची शिट्टी वाजली होती ती काढून टाकलीय. बाकी जवळपास तसंच.

हा भाग सुरू झाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला ग्रुपवर व्हिडिओ आला. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, आणि एका स्कूटरच्या चाकाखालून काहीतरी काळं वळवळत चाललंय. कुणी लिहिलं साप, कुणी लिहिलं वॉचमनला उठवा. मी अनवाणीच खाली पळालो. मासा होता. हातभर लांब, मिशा असलेला, गुळगुळीत. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बादलीत आला. बादली घेऊन तसाच वर गेलो. आजी जागी होती. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तिला झोप लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बादली तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “आजी, वलगण चढली!”

तिने मोबाइलचा टॉर्च बादलीत मारला, बघितलं आणि म्हणाली, “ही आपली मांगूर नाय. ही ती पाललेली.” आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली.

तिचं बरोबर होतं. तो आफ्रिकन मागूर होता, बाजारात ज्याला थाई मांगूर म्हणतात तो. आपल्या देशात तो पाळायला २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळतात. पावसात तळं भरून वाहिलं की तो बाहेर पडतो, आणि हवेतूनही श्वास घेत असल्यामुळे पार्किंगमध्येसुद्धा मजेत जगतो. बंदी अशासाठी की तो इतर मासे खाऊन टाकतो. म्हणजे मी ज्याला पाहुणा समजून वर आणला, तो घर बळकावणारा निघाला.

पण त्या निमित्तानं मी आजीला पहिल्यांदा नीट विचारलं, की आपली वलगण कुठपर्यंत चढायची? तिने बोट खाली केलं. जमिनीकडे. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मग लक्षात आलं, की आमची बिल्डिंग जिथे उभी आहे ते आमचंच भातशेत होतं.

तर आजचा विषय वलगण. आणि या एकाच प्रश्नाच्या मागे गेलं तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास कसा उलगडतो, ते.

ज्यांना शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ठाणे आणि रायगड जिल्ह्यात वलगण किंवा वळगण म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात. मृग लागल्यावर जो पहिला दणदणीत पाऊस पडतो, त्या रात्री नदीतले मासे उलटे निघतात. उन्हाळाभर ते डोहात दाटीवाटीनं राहिलेले असतात. माद्यांच्या पोटात गाभोळी तयार असते. वरून गढूळ, थंड, जोराचं पाणी आलं की त्यांना खूण मिळते, आणि ते प्रवाहाच्या विरुद्ध चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून बांधाच्या फटीतून भाताच्या खाचरात. शिवडा, मरळ, वाम, शिंगटी, मळे, मुऱ्या, खवळ. खाचरात वीतभर कोमट पाणी असतं, पिल्लांना खायला बारीक जीव भरपूर असतात आणि मोठे शत्रू कमी. तिथे अंडी घालायची, आणि पावसाळा सरता सरता लेकरंबाळं घेऊन नदीच्या डोहात परत.

माणसांना हे सगळं माहीत होतं. त्यामुळे त्या रात्री गावात कुणी घरी थांबत नसे. आजीच्या लहानपणी चिंधी गुंडाळलेले टेंभे, नंतर कंदील, नंतर गॅसबत्ती. पुरुषांकडे पाग आणि कोयती, बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे, आणि बायकापोरांकडे टोपली, जुनं लुगडं, नुसते हात. एक गोष्ट मला फार आवडली. भाताची लावणी जुलैत होते. त्यामुळे जूनमध्ये खाचरं मोकळी असतात, कितीही तुडवा. फक्त राबात पाय टाकायचा नाही, तिथे नुकतंच भात पेरलेलं असतं. आजी म्हणते, राबात पाय पडला तर मासा हातात असला तरी पाठीत धपाटा बसायचा.

शब्दाबद्दल एक अंदाज सांगतो, भाषेचे जाणकार दुरुस्त करतील. जुन्या मराठीत ‘वळघणे’ असं क्रियापद आहे, अर्थ चढणे. महानुभावांच्या गद्यात ते भेटतं. आमच्या आगरी बोलीत ळ चा ल होतो, ण चा न होतो, ड-ढ चा र होतो. म्हणून ‘वळगण चढली’ हे आजीच्या तोंडी ‘वलगन चरली’ होतं. ‘वळगण’ जर त्या ‘वळघणे’तूनच आलं असेल, तर पुस्तकातून गेलेलं एक क्रियापद माशांच्या पाठीवर बसून आपल्यापर्यंत पोचलंय. मला हे पटतं. पटावंसं वाटतं, असं म्हणा हवं तर.

आता मधेच अमेरिका. आमच्या टीममधला एक जण मिनेसोटात बसतो. दर एप्रिलमध्ये तो ठरलेल्या दिवसांत गायब असतो, कारण तळ्यावरचा बर्फ वितळला की ‘क्रॅपी’ धरायला जायचं असतं. क्रॅपी म्हणजे चपटा, ताटलीएवढा, नाजूक तोंडाचा मासा. बर्फ गेल्यावर तळ्याच्या कडेच्या उथळ, काळ्या चिखलाच्या जागा उन्हानं आधी तापतात, तिथे हे मासे खायला गोळा होतात, आणि पाणी आणखी ऊबदार झाल्यावर तिथल्याच उथळ भागात अंडी घालतात. त्यानं मला विचारलं, तुमच्याकडे बर्फ नाही, मग तुमच्याकडे असा दिवस कुठला? मी कॉलवर आठ मिनिटं वलगणीबद्दल बोललो. स्प्रिंट प्लॅनिंग बाजूलाच राहिलं. त्याचा पुढचा प्रश्न साधा होता, आणि तो मला लागला: “पोटात अंडी असलेले मासे धरायला परवानगी आहे?”

याचं उत्तर हो-नाही मध्ये देता येत नाही. त्यासाठी आधी समुद्राकडे बघावं लागेल.

आपल्याकडे समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कायद्याच्या आधीपासून कोळी समाजात नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी किनाऱ्याला ओढून ठेवायची रीत आहेच. समुद्र खवळलेला असतो आणि माशांचा विणीचा काळ असतो. म्हणजे ज्या महिन्यात समुद्र विश्रांती घेतो, नेमक्या त्याच महिन्यात नदीवर झुंबड उडते. वरवर पाहता हा ढोंगीपणा वाटेल. पण आजीच्या काळातलं घर डोळ्यांपुढे आणा. बाजारात ताजी मासळी नाही. मागच्या हंगामाचं भात कणगीच्या तळाला गेलंय. पुढे महिनाभर चिखलात वाकून लावणी करायची आहे. घरात सुकट आणि सुके बोंबील, तेही मोजून. अशा वेळी नदी आपण होऊन शेतात येते. चिंच घातलेलं आंबट कालवण, तव्यावर गाभोळी, तांदळाची भाकरी. त्या घरी जाऊन ‘अंडीवाला मासा सोडा’ असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

सांगणारा एक माणूस मात्र होऊन गेला. पण त्याच्या आधीचा एक साहेब.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२० च्या दशकात मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी पाहणी करायला नेमलं. जमीन, पिकं, लोकसंख्या मोजता मोजता तो पक्षी आणि मासेही गोळा करत होता. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचं त्याचं लिखाण लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीत प्रसिद्ध झालं. गंमत अशी की नवीन जातींना नावं देताना त्यानं लोकांच्या तोंडची नावं उचलली. म्हणून आजही जगभरचे शास्त्रज्ञ ‘गारा मुल्या’, ‘टॉर खुद्री’ लिहितात, एका मुरीच्या नावात ‘मूरेह’ आहे, आणि ‘रोहटी’ तर आख्ख्या प्रजातीचं नाव आहे. साइक्सचं काम घाटावरचं, भीमेच्या खोऱ्यातलं. आपल्या उल्हास खोऱ्यातलं नाही. पण मळ्या घाटाच्या दोन्ही अंगांना सापडतो. तोंडाखालच्या चकतीनं खडकाला चिकटून राहतो, म्हणून धारेतही टिकतो. आजीला मी सांगितलं की तुझा मळ्या लॅटिनमध्ये गेलाय. ती म्हणाली, “मंग तिकरंच बरा हाय.”

दुसरा माणूस फ्रान्सिस डे. मद्रासच्या सैन्यातला डॉक्टर, पुढे हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा इन्स्पेक्टर जनरल. दक्षिणेतल्या नद्यांवर पाटबंधाऱ्यांसाठी बांध घातले जात होते. त्यांच्यामुळे समुद्रातून चढणारे मासे अडतात का, याचा तपास १८६० च्या दशकाअखेरीस त्याच्याकडे आला. पुढे त्यानं देशभरच्या अधिकाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवल्या. तुमच्याकडे जाळ्याची भोकं केवढी असतात, पावसाळ्यात मासे कसे धरतात, भातशेतात पिल्लं पकडतात का. १८७३ मध्ये त्याचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीवरचा अहवाल छापला गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतकरी विणीचे मासे चढताना मारतात, पिल्लं उतरताना मारतात, आणि बांध उरलेल्यांना अडवतात. असं चाललं तर नद्या रिकाम्या होतील. या चर्चेतून पुढे १८९७ चा इंडियन फिशरीज ॲक्ट आला. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला त्यात सरळ बंदी आहे. जाळ्याची भोकं, कायमचे सापळे, बंधारे यांवर नियम करायचे अधिकार प्रांतिक सरकारांना दिले, आणि ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवायचेही.

माझं मत असं, की डेचं निम्मं बरोबर होतं. वलगणीत मासा मारला जातो, भरपूर मारला जातो, हे खरंच. आमच्या गावानं कधी हात आखडला असं मला कुणी सांगितलं नाही. आजीला विचारलं, पहिली चढण सोडून द्यायची अशी काही रीत होती का? ती हसली. जेवढे दिसले तेवढे धरले. तरी ते दर वर्षी आले, कारण चढायला वाटा शेकड्यांनी होत्या. बदलापूर ते वांगणी पट्ट्यात नदीच्या दोन्ही बाजूंना सपाट खाचरं, आणि पुरात तो सगळा एकच पाण्याचा पट्टा व्हायचा. गाव किती बांधांवर बसणार? आमच्या भाषेत बोलायचं तर सिस्टममध्ये प्रचंड रिडंडन्सी होती. दहा वाटा अडवल्या तरी नव्वद उघड्या. वलगण संपली ती वाटा संपल्यामुळे. आणि त्या एकेक करून कशा संपल्या, हाच आपल्या तीन शहरांचा इतिहास आहे.

पहिली रेघ रेल्वेची. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे फाटा गेला. तो उल्हासच्या काठाकाठानं जातो. रुळांचा भराव म्हणजे एक लांबलचक बांध, आणि त्याखालून ओढे जायला मोऱ्या. डोंगराकडचे सगळे ओढे आता मोजक्या मोऱ्यांतून नदीला मिळू लागले. माशाला वाट होती, पण अरुंद. आणि मोरीच्या तोंडाशी पाग घेऊन उभं राहिलं की काम फत्ते. आजोबांची आवडती जागा एक मोरीच होती. तो भराव पाण्याला किती आडवा येतो, किंवा पाणी भरावाला, ते २७ जुलै २०१९ ला सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. तिथे चारी बाजूंना जे पाणी दिसत होतं ना, ते जुनं वलगणीचं मैदान.

दुसरी गोष्ट चक्क फायद्याची आहे. १९२२ मध्ये टाटांचं भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. घाटावर आंध्रा नदीचं पाणी अडवून ते खाली सोडतात, त्यावर वीज करतात आणि ते पाणी उल्हासमध्ये येतं. म्हणजे जे पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते आपल्याकडून अरबी समुद्राला जाऊ लागलं. त्यामुळे मे महिन्यातही उल्हास वाहती राहते. कोकणातल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डबक्यांची माळ होतात, तशी ती होत नाही. मासे टिकायला हे चांगलंच. पण बारमाही वाहणाऱ्या नदीवर शहरांचीही नजर जाते, आणि तशी ती गेली.

तिसरी गोष्ट उल्हासनगरची, आणि इथे मला थोडं थांबायचंय. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी झाली. ओढ्यांच्या काठची जमीन बराकींसाठी सपाट केली. युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि त्या बराकींत सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला नाव मिळालं, उल्हासनगर. नदीचं नाव, नदीपासून तोडून आणलेल्या माणसांना.

कारण ही सिंधू नदीची माणसं. त्यांच्या झुलेलालच्या तसबिरी बघा. लाटांवर मासा, माशावर कमळ, त्यावर झुलेलाल. तो मासा पल्ला, आपल्याकडे बंगाली लोक ज्याला इलिश म्हणतात तो. समुद्रातून सिंधूत उलटा चढणारा. सक्करजवळच्या बेटावरच्या दर्ग्याला नमस्कार करायला तो येतो, अशी लोकांची श्रद्धा. कॉलेजातल्या माझ्या एका सिंधी मित्राच्या आजोबांना मी वलगणीबद्दल सांगायला लागलो, तर त्यांनी मला मधेच थांबवलं आणि पल्ला कसा सोलतात, काटे कसे काढतात, कमळकाकडीबरोबर काय लागतो, हे अर्धा तास सांगितलं. आम्ही दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होतो. पूर आलेली नदी आणि उलटा चढणारा मासा.

आणि शेवटही सारखाच. १९३२ मध्ये सक्करला बॅरेज झालं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे बॅरेजला नाव दिलं ते मुंबईचा गव्हर्नर लॉइड याचं. पूर्वी पल्ला मुलतानपर्यंत जायचा असे उल्लेख आहेत, तो सक्करला अडला. १९५५ मध्ये त्याच्याही खाली कोटरी बॅरेज झालं आणि पल्ला समुद्राजवळच्या पट्ट्यातच अडकला. माशांसाठी शिड्या ठेवल्या होत्या, पल्ल्याला त्या उपयोगी पडल्या नाहीत. दर्ग्याची वारी बंद. आजोबा म्हणाले, “हम भी नहीं जा सके, वो भी नहीं जा सका.” मी त्यावर काही बोललो नाही.

वालधुनीबद्दल मी भराभर सांगणार आहे, कारण त्यावर आपला वेगळा भाग झालाय आणि तो ऐकून माझ्या आईनं दोन दिवस नळाचं पाणी गाळून प्यायलं होतं. अंबरनाथच्या डोंगराकडून निघणारी ही छोटी नदी. शके ९८२, म्हणजे १०६० च्या सुमाराचं शिलाहारांचं शिवमंदिर तिच्या काठावर आहे. म्हणजे नऊशेहून जास्त वर्षं मंदिर आणि वलगण शेजारी-शेजारी होती. मग काड्यापेट्यांचा कारखाना आला, शस्त्रास्त्रांचा आला, रसायनांचे आले, पुढे उल्हासनगरात जीन्स धुण्याचे आले. नदीला गटार म्हणायला कधी सुरुवात झाली ते कुणालाच आठवत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरच्या शेवटी उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. २०१५ मध्ये ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर हरित लवादानं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणापायी सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला. १८९७ च्या कायद्यात पाण्यात विष घालणं हा गुन्हा आहे, तो मासे मारण्याच्या हेतूनं घातलं तर. इथे हेतू मासे मारायचा नव्हता. मासे तसेच मेले.

१९७२ च्या सुमाराला बारवी धरण झालं. आज या पट्ट्यातले कारखाने आणि कितीतरी शहरं त्या पाण्यावर जगतात, मीही जगतो, त्यामुळे धरणाला शिव्या देणं मला जमत नाही. पण वलगणीच्या बाजूनं बघा. धरण जूनमध्ये रिकामं असतं. पहिल्या पावसाचं सगळं पाणी ते पोटात घेतं. ‘बारवी भरलं’ ही बातमी येते जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे बारवी नदीतल्या माशाला ज्या पुराची खूण हवी असते, तीच दीड-दोन महिने उशिरा पोचते, आणि पोचली तरी पुढे भिंत. उल्हासवर बदलापूरला बॅरेज आहेच. खालच्या पट्ट्यात उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो वेगळा.

इतकं सगळं झालं तरी वलगण पूर्ण संपली नव्हती. आजीचा हिशोब असा, की नव्वदच्या दशकातही आमच्या शेतात मुऱ्या आणि मळे येत होते, कधी एखादी मरळ. बाबांनी शाळेतून आल्यावर धरलेत. नदी होती, ओढा होता, मोरी होती, खाचर होतं.

मग खाचर गेलं. हे कुणी इंग्रजानं केलं नाही आणि कुठल्या धरणानंही नाही. बदलापूरला घरं स्वस्त म्हणून मुंबईतून माणसं येऊ लागली, जमिनीला भाव आला, आणि एकेका शेतात ट्रकनं माती पडू लागली. भराव टाकला की शेत तीन-चार फूट उंच होतं. शेजारचं शेत खड्ड्यात जातं, त्यात पाणी साठतं, मग तोही वैतागून भराव टाकतो. आम्ही आठ वर्षांपूर्वी दिलं. काकांना दोन फ्लॅट, आम्हाला दोन, आणि जे पैसे आले त्यात माझं बीटेक झालं. ओढ्याचं काँक्रीटचं नालं झालं, सरळ, गुळगुळीत, उभ्या भिंतींचं. त्या भिंतीवर मळ्यालासुद्धा चिकटता येणार नाही. तुंबलं की पाणी येतं ते पार्किंगमध्ये.

आता मिनेसोटावाल्याच्या प्रश्नाकडे. परवानगी आहे का? आमच्याकडे त्या रात्री कुणी तपासायला येत नाही, हे खरं उत्तर. धरावं का, हे मात्र आता बदललंय असं मला वाटतं. शंभर वाटा असताना एका वाटेवर पाग टाकणं आणि एकच वाट उरलेली असताना तिच्यावर पाग टाकणं, दिसायला सारखंच आहे. आमच्या घरात यावरून भांडण आहे. चुलतभाऊ म्हणतो, तू लॅपटॉपवर बसून सांगतोस, वर्षातली एक रात्र आहे, आजोबांची आठवण आहे. मी म्हणतो, आठवण म्हणून चार धर. तो म्हणतो, चार धरायला कोण रात्री दोनला उठतं? यावर माझ्याकडे उत्तर नाही. कारण वलगणीची मजा भरपूर असण्यातच होती, हे मलाही कळतं.

त्या पार्किंगवाल्या रात्रीनंतर दोन दिवसांनी पुन्हा जोरात पाऊस झाला. पहाटे दोनला भाऊ उठला, मीही गेलो. रुळाच्या पलीकडे अजून काही खाचरं शिल्लक आहेत, तिथली ती आजोबांची मोरी. त्याच्याकडे पाग, माझ्याकडे डोक्याला लावायचा टॉर्च. तासभर काही नाही. प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल, थर्माकोल. मग उजेडात पाण्याच्या कडेला काहीतरी हललं. मुऱ्या. बोटाएवढ्या, पाच-सहा, मोरीच्या दगडाला धरून एकेक वीत पुढे सरकत होत्या. धार आली की मागे जायच्या, पुन्हा यायच्या. भाऊ पाग हातात गोळा करून उभा. दोन मिनिटं झाली असतील. मग तो म्हणाला, “ह्या काय पागात राहायच्या नाहीत, भोकं मोठी आहेत.” आणि खाली बसून त्यानं मोरीच्या तोंडाला अडकलेलं थर्माकोल काढायला घेतलं.

सकाळी आजीनं विचारलं, काय मिळालं? मी म्हणालो, मुऱ्या होत्या.

“कुठपरत चरल्या?”

“मोरीच्या वर.”

तिने चहा बशीत ओतला आणि पलीकडच्या त्या शेताचा मालक कोण, ते अजून कसतात का, की भराव पडलाय, हे विचारत बसली.